उंबरठा ओलांडणारे वाचन

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की कर्नाटकातील शाळांना सुट्ट्या लागतात आणि घरे मुलांनी भरून जातात. बेंगळूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले होसकोटे याला अपवाद नाही. गावाभोवती आता कारखाने, गोदामे आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. पोटापाण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे तेथे शेजारी म्हणून नांदत आहेत. अशाच एका वसाहतीत एखादे मराठी कुटुंब राहत आहे, असे मानावे. सुट्टी लागताच मुलगी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिते, ‘या सुट्टीत वीस पुस्तके वाचीन.’ तिचे वडील कारखान्यात पाळीवर काम करतात आणि अर्धवट राहिलेली दहावी मुक्त विद्यालयातून पूर्ण करू पाहत आहेत. मुलीचे पाहून तेही तसाच संकल्प करतात. पहिल्या आठवड्यात दोन पुस्तके होतात, दुसऱ्या आठवड्यात एक. मग रात्रपाळी येते, गावाहून पाहुणे येतात, एखादे जाड पुस्तक अर्ध्यावर अडून बसते. मे महिन्याच्या मध्यावर वहीतला आकडा चारवर थांबलेला असतो आणि वही कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेली असते.

हे चित्र काल्पनिक असले तरी अनोळखी नाही. संकल्प मोडल्याचे दुःख मुलगी चार दिवसांत विसरते. वडिलांचे तसे होत नाही. ज्याची शाळा एकदा सुटली आहे, त्याच्या मनात ‘हे आपले काम नव्हे’ ही शंका आधीच घर करून बसलेली असते. चारवर थांबलेला आकडा त्या शंकेला पुरावा पुरवतो. वास्तविक चार पुस्तके वाचून झालेली असतात, परंतु हिशेब मांडला जातो तो न वाचलेल्या सोळांचा. अशा रीतीने वाचनासाठी केलेला संकल्पच वाचनाच्या मुळावर येतो. म्हणून उन्हाळ्यात किती वाचावे, याआधी वाचनाचा संकल्प कशाचा असावा, या प्रश्नाचा विचार होणे आवश्यक आहे.

संख्येचा संकल्प अगदीच निरुपयोगी आहे, असे नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे वाचनालाही लागू पडते. रोज दहा पाने वाचण्याचा नेम करणारा मनुष्य वर्षाअखेरीस पुष्कळ वाचून बसतो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सार्वजनिक ग्रंथालयांतून मुलांसाठी उन्हाळी वाचनाचा उपक्रम चालतो. त्यात सुट्टीभरात सहा पुस्तके वाचण्याचे आवाहन केले जाते. सहा हा आकडा बेताचा आहे. मूल आपल्या आवडीचे पुस्तक निवडते. मुलाला ग्रंथालयाच्या दारापर्यंत आणणे एवढेच त्या आकड्याचे काम असते.

आकडा मोठा झाला आणि तोच ध्येय बनला, की मात्र बिघाड सुरू होतो. मग पुस्तक निवडताना विषय मागे पडतो आणि पाने किती आहेत हे आधी पाहिले जाते. जे सहज संपते तेच पुन्हा पुन्हा हाती घेतले जाते. एका लेखकाची एकाच धाटणीची दहा पुस्तके ओळीने वाचून होतात, आणि वाचणारा जेथे होता तेथेच राहतो. अवघड वाक्यापाशी थांबणे, मागचे पान उलटून पाहणे, अर्थ न लागलेला शब्द कोणाला तरी विचारणे, या सर्व गोष्टी आकड्याच्या हिशेबात वेळ वाया घालवणाऱ्या ठरतात. खरे तर वाचन घडते ते अशाच थांब्यांवर.

यासाठी संकल्प करायचा तो संख्येचा न करता उंबरठ्याचा करावा. आजवर ज्या प्रकारच्या वाचनाच्या दारात पाऊल टाकले नाही, तेथे या उन्हाळ्यात एकदा तरी जाऊन यावे, असा तो संकल्प असावा. हे कसे असते, ते सातारा जिल्ह्यातील भिलार या गावी डोळ्यांनी पाहता येते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून वाचकांसाठी खुले झाले. तेथे आरंभी सुमारे २५ ठिकाणी पुस्तके मांडण्यात आली आणि त्यांतील बहुतेक जागा गावकऱ्यांच्या राहत्या घरांतल्या होत्या. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, तिसरीकडे इतिहास, आणखी कोठे चरित्रे किंवा बालसाहित्य, अशी ती मांडणी होती. कथा वाचणाऱ्याला इतिहास हवा असेल, तर तेथे खरोखरच उठून दुसऱ्या घराचा उंबरठा ओलांडावा लागतो. तेथे किती पुस्तके संपवली यापेक्षा किती घरी जाऊन आलो, याला महत्त्व येते. विविध वाचनाचा अर्थ याहून वेगळा नाही.

विविधतेची ही गरज प्रौढ वाचकाला तर अधिकच आहे. रोजच्या जगण्यात त्याच्यासमोर येणारा मजकूर एका प्रकारचा नसतो. कारखान्यातील सूचनाफलक, पगाराची चिठ्ठी, कर्जाच्या करारातील अटी, औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे, वर्तमानपत्रातील अग्रलेख, मुलांच्या शाळेचे परिपत्रक या प्रत्येकाची भाषा निराळी असते. ज्याला केवळ गोष्टीची सवय आहे, तो कराराच्या भाषेपुढे गोंधळतो आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून अंगठ्याऐवजी सही करून मोकळा होतो. सही करता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे. ज्याला केवळ उपयोगाचे वाचन ठाऊक आहे, त्याचेही नुकसान होतेच. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचे दुःख समजून घेण्याची जी वाट कथा-कवितेतून जाते, ती त्याला बंद राहते. विविध वाचन ही रिकामपणाची हौस आहे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. फसवणूक टाळण्यासाठी आणि माणूस म्हणून विस्तारण्यासाठी, दोन्ही कारणांनी ते हवे.

आता प्रश्न येतो सुरुवात कोठून करावी हा. गाजलेल्या शंभर पुस्तकांची यादी समोर ठेवली, तर नवा वाचक दडपून जातो. त्यापेक्षा वाचकाने आपण उभे आहोत त्या जमिनीपासून सुरुवात करावी. होसकोटे हेच उदाहरण घ्यावे. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. मराठीतील ‘कोट’ त्याचाच सोयरा. गावाच्या नावात एक किल्ला दडलेला आहे, एवढे कळले की तो कोणाचा आणि तेथे काय घडले, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. सतराव्या शतकात आदिलशाहीकडून शहाजीराजे भोसले यांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बेंगळूरबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हे प्रदेश होते. म्हणजे होसकोट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या वडिलांचा इतिहास वाचण्यासाठी मनानेही फार दूर जावे लागत नाही. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने होसकोट्यापाशी छावणी करून राहिले असता हैदर अलीने त्यांच्यावर रात्री छापा घातला. तो छापा यशस्वी झाला नाही. आज ज्या रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते, त्या परिसरात हे घडले, हे कळल्यावर इतिहासाचे पुस्तक रुक्ष वाटेनासे होते.

हीच वाट पुढे साहित्याकडे वळते. शहाजीराजांच्या बेंगळूर येथील दरबारात जयराम पिंड्ये हा कवी होता. त्याने रचलेल्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथाचे संपादन इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केले आणि तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. जयरामाला बारा भाषांत काव्यरचना करता येत होती. त्याच्या या ग्रंथातून शहाजीराजांच्या दरबारात निरनिराळ्या भाषांच्या कवींना कसा मान होता, याचे दर्शन घडते. हा ग्रंथ नव्या वाचकाने मुळातून वाचावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलखात आज आपण चार भाषा ऐकत भाजी आणायला जातो, तेथे पावणेचारशे वर्षांपूर्वीही भाषांची अशीच वर्दळ होती, ही जाणीव मोलाची आहे.

होसकोट्याला लागूनच असलेल्या मालूर तालुक्यात १८९१ साली मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचा जन्म झाला. त्यांच्या घरची भाषा तमिळ होती. तरी ते कन्नड कथेचे थोर लेखक ठरले आणि १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. कन्नडमधील श्रेष्ठ कवी म्हणून त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडून शेजारच्या भाषेत गेल्यामुळे यांपैकी कोणाचेही घर सुटले नाही. उलट दोन्ही घरे त्यांची झाली. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शेजारच्या भाषेतील लहान मुलांची एखादी गोष्ट अक्षर अक्षर जुळवत वाचणे, बसवरील पाटी कोणाला न विचारता वाचता येणे, हेदेखील उन्हाळ्याचा मोठा संकल्प ठरू शकतो.

पाटी वाचण्याला कोणी क्षुल्लक मानू नये. अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दीड दिवसाची. वाटेगावाहून मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत वाचत त्यांनी अक्षरज्ञान पक्के केले, असे सांगितले जाते. त्याच माणसाने पुढे ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली आणि १९६१ साली रशियाला जाऊन आल्यावर आपल्या प्रवासाचे वर्णनही लिहिले. दुसरे उदाहरण सयाजीराव गायकवाड यांचे. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे या खेड्यातला हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. उशिरा अक्षर ओळखलेल्या या राजाने १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले, आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत पाठवण्याची सोय केली. वाचायला उशिरा शिकलेल्या माणसाला पुस्तकाची किंमत जेवढी कळते, तेवढी ती इतरांना क्वचितच कळत असेल.

अर्थात या विचारावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, हे पुस्तकातून त्या पुस्तकात जाणे म्हणजे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. आक्षेप खोटा नाही. कोणताही धागा न धरता केलेले वाचन विस्कळीत होते. परंतु होसकोट्याच्या उदाहरणात गावाच्या नावापासून किल्ला, किल्ल्यापासून जहागीर, जहागिरीतून दरबार आणि दरबारातून भाषा, असा एक धागा आहे. प्रकार बदलत गेले तरी कुतूहल एकच होते. कुतूहलाचा धागा असेल, तर चिंध्यांचीही गोधडी होते.

दुसरा आक्षेप वेळेचा. शाळकरी मुलांना सुट्टी असते, कामकरी माणसाला उन्हाळा म्हणजे नेहमीचेच काम आणि वर उकाडा. त्यातच मुक्त विद्यालयाच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. म्हणजे कित्येकांचा उन्हाळा परीक्षेतच जातो. अशा स्थितीत अवांतर वाचन कशासाठी, असे विचारले जाते. याचे उत्तर प्रश्नपत्रिकेतच आहे. अपठित उतारा हा प्रश्न ज्याला भीतीदायक वाटतो, त्याने पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचलेले नसते. निरनिराळ्या प्रकारच्या मजकुराची ओळख असलेला विद्यार्थी अनोळखी उताऱ्यापुढे बिचकत नाही. राहिला प्रश्न वेळेचा. उंबरठ्याच्या संकल्पाला तास लागत नाहीत, निश्चय लागतो. एक कविता, एक अग्रलेख, चरित्रातील एक प्रकरण, एवढ्यानेही नवे दार उघडते.

तिसरा आक्षेप पुस्तके मिळत नाहीत हा. महाराष्ट्राबाहेर मराठी पुस्तके सहज हाती येत नाहीत, ही अडचण खरीच आहे. पण सारीच दारे बंद नाहीत. मराठी विश्वकोश संगणकावर आणि मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो. जो मोबाइल वाचनाचा वेळ खातो, तोच येथे वाचनाचे साधन होऊ शकतो. बेंगळूरच्या कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारकात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. कर्नाटकातील ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना विनामूल्य सदस्य करून घेणारी ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा प्रकाश, ही मोहीम २०२० साली सुरू झाली. मूल ग्रंथालयाचे सदस्य झाले की त्याच्यामागून घरातील मोठी माणसेही तेथे पोहोचतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांमध्ये प्रत्येक वाचकासाठी कोठेतरी त्याचे पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकाचा कोणीतरी वाचक असतो, असा आशय आहे. रंगनाथन यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे बेंगळुरातच गेली. त्यांचे म्हणणे मानले, तर एखादे पुस्तक जमले नाही याचा अर्थ वाचक नापास झाला, असा होत नाही. त्याचे पुस्तक अद्याप त्याला भेटलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून वैयक्तिक वाचनसंकल्पात पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची मुभा असलीच पाहिजे. पन्नास पाने प्रामाणिकपणे वाचूनही जे पुस्तक मनाला भिडत नाही, ते आदराने परत ठेवावे आणि दुसरे घ्यावे. ते लाजिरवाणे नाही. लाज वाटून वाचनच सोडणे, हे अधिक हानीचे आहे. मात्र ही मुभा पळवाट होऊ नये, यासाठी पुस्तक का सोडले, हे एका वाक्यात लिहून ठेवण्याची शिस्त बरी. तेवढे वाक्य लिहिताना कधी कधी असे ध्यानात येते की, दोष पुस्तकाचा नव्हता, आपलीच घाई झाली होती.

असा संकल्प साधा असतो. सुट्टीच्या सहा-सात आठवड्यांत एक वाचन आपल्या गावाविषयी असावे. एक अशा माणसाचे असावे, ज्याचे जगणे आपल्याहून सर्वस्वी वेगळे आहे. एक अशा प्रकारातले असावे, ज्याला आजवर हात लावला नाही. कविता टाळणाऱ्याने कविता घ्यावी, केवळ कथा वाचणाऱ्याने विज्ञान घ्यावे. एक शेजाऱ्याच्या भाषेतले असावे, मग ते चार ओळींचे का असेना. आणि एक जुने आवडते पुस्तक पुन्हा वाचावे, कारण वर्षभरात वाचक बदललेला असतो आणि त्याच पुस्तकात त्याला निराळे काही सापडते. वाचलेले कोणाला तरी सांगावे किंवा मोठ्याने वाचून दाखवावे. मुलीने वडिलांना कविता वाचून दाखवली आणि वडिलांनी मुलीला करारातील एक अट समजावून दिली, तर त्या घरात दोघांचेही शिक्षण झाले.

जूनचा पहिला पाऊस पडतो, शाळा सुरू झालेल्या असतात आणि नव्या वह्यांना कागदी वेष्टने चढलेली असतात. कपाटाच्या वरच्या फळीवरील वही त्या वेळी खाली काढून पाहावी. तिच्यात पुस्तके चारच असतील. परंतु त्यांतील एक गावाच्या किल्ल्याचे, एक अनोळखी माणसाच्या आयुष्याचे, एक कवितेचे आणि एक शेजारच्या लिपीतले असेल, तर तो उन्हाळा वाया गेला असे कोणत्याही हिशेबाने म्हणता येणार नाही. वीस पुस्तके वाचणारा निश्चितच कौतुकास पात्र आहे. पण काल ज्या दारापाशी पाय अडखळत होता, ते दार आज ओलांडणारा वाचकही तितकाच पुढे गेलेला असतो, आणि पुढल्या उन्हाळ्यात तो वाचत असेल, याची शाश्वती अधिक असते.